न पुसणारी रांगोळी

तुझ्या दारातली रांगोळी निघत नाहीये, अक्का.

दुपारपासून खरवडतेय. आधी नखांनी, मग तुझ्या उलथन्याने, मग खोबरेल तेल चोळून. लाल कमळाची एक पाकळी तेवढी सुटली, तीही फाटून आली. बाकी अख्खं कमळ उंबऱ्यासमोर तसंच, आत्ताच कुणी काढून हात झटकल्यासारखं. तुझी भाची गायत्री तंजावरहून आली, तेव्हा रडायच्याही आधी तिला तेच दिसलं. "मावशी गेली आणि दारात रांगोळी? काढा हो ती आधी," म्हणाली. सुतकाच्या घरी दारात रांगोळी नसते, एवढं मलाही कळतं. पण प्लास्टिकला सुतक कोण सांगणार?

आज सकाळी ती अस्थी घेऊन गावी गेली, उद्या दुपारी परत येईल. तोवर तू जिथे पडली होतीस तिथला दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून मी इथे बसलेय. दिव्यात तेल घालते, बाहेर जाऊन थोडं खरवडते, पुन्हा आत येते. गल्लीतल्या हातगाड्या आता आवरायला लागल्यात. मिरचीच्या गोदामाचं शटर पडलं की इथे किती शांत होतं, हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

मला भीती वाटतेय. आल्याआल्या सांगून टाकते, म्हणजे मग शूरपणाचा आव आणायला नको. तुझ्या घराची नाही. तू भूत होऊन आलीस तर बरंच होईल, निदान भांडण तरी पुरं होईल. मला दुसऱ्यांच्या दारांची भीती वाटते. आणि सोमवारची.

आपलं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. मी सोलापूरची, नोकरीसाठी चेन्नईत आलेली, तमिळमध्ये फक्त "किती?" आणि "नको" येणारी. अड्यारच्या ऑफिसात पहिल्या दिवशी तू शेजारच्या खुर्चीवरून विचारलंस, "तूं मराठी कां गे?" मी उडालेच. तुझी ती तंजावरची मराठी, कित्येक पिढ्या पेटीत घडी घालून ठेवलेली, वरून तमिळचा हेल. मी "तुम्ही" म्हणाले तर तू मान वळवून मागे पाहिलंस. "कोण आलें आणखी? मज तूं म्हण." झालं. त्या दिवसापासून मी तुला तू म्हणतेय आणि तुझ्याशी वाद घालतेय.

आपलं काम काय, हे माझ्या आईला मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी कुठली सोय करायची, कशी करायची, हे ठरवायचं. आई म्हणायची, "त्यात ठरवायचं काय? जाऊन बघायचं, आहे का गेलं." तुला हे सांगितलं तेव्हा तू खुर्चीत सरळ झालीस. "तुझ्या आईस नोकरीस घे," म्हणालीस.

आपली पहिली योजना आठवते? आपली म्हणजे माझी, तू तेव्हाच नाक मुरडलं होतंस. रोज सकाळी प्रत्येकाला फोन करायचा. उचलला तर ठीक, नाही उचलला तर माणूस पाठवायचा. कागदावर इतकी देखणी दिसत होती! पण कुप्पम्मा पाटीचा फोन कपाटात, साडीत गुंडाळलेला. वापरला तर झिजेल म्हणून. ही तुझ्या समोरच्या दारातली आजी, आजीला इथे पाटी म्हणतात. मुलगा श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात, कंपनीच्या बसने पाळीला जातो, तिकडेच राहतो. तिला फोन लागला नाही म्हणून आपण माणूस पाठवला, तर ती काठी घेऊन बाहेर आली. "मेले का बघायला आलात? नाही मेले! जा!" सगळी गल्ली गोळा झाली. मी ऑफिसात येऊन डोकं धरून बसले. तू हसून हसून डोळे पुसत होतीस.

मग तू मला इथे आणलंस. जॉर्ज टाउनच्या या गल्लीत, तुझ्याच पायरीवर बसवलंस. "काहीं विचारूं नको. विचारलेंस की माणूस तुज हवें तें सांगतो. चुम्मा बस." चुम्मा म्हणजे उगाच, काही कारण नसताना. एक अख्खी सकाळ मी उगाच बसले. ढेकूण चावावा तशी चुळबुळत होते. आणि मग मला दिसलं. एकेक दार उघडत होतं, बाई बाहेर येत होती, पाणी शिंपडत होती, वाकून कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होती. ज्यांना नीट उभं राहता येत नव्हतं त्यासुद्धा. कुप्पम्मा पाटीने तर चौकटीला धरून, थरथरत्या हाताने, चार ठिपके आणि एक वाकडी रेघ काढली आणि राजवाडा सजवल्यासारखी मागे सरून बघत बसली.

"पाहिलेंस?" तू म्हणालीस. "मी जिवंत आहें म्हणून त्या रोज लिहून ठेवतात. आपण वाचीत नाहीं, इतकेंच."

त्यातूनच आपली वासल योजना झाली. वासल म्हणजे दारापुढची जागा. फूलवाली सेल्वी या गल्ल्यांतून रोज फिरतेच, दूधवाले फिरतातच. ऊन चढेपर्यंत एखाद्या दारात कोलम दिसलं नाही, तर तिथे टकटक करायची. बस्स. म्हाताऱ्यांनी नवीन काही शिकायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, कुठलं बटण दाबायचं नाही. पुरुषांच्या दारात शिंपडलेलं पाणी बघायचं. मला हे पटलं, पण कौतुक करणं जिभेला जड गेलं. म्हटलं, "ठीक आहे." तू म्हणालीस, "सोलापुरांत ह्यास कौतुक म्हणतात कां?"

आणि टकटक करून म्हणायचं काय, ते तर फक्त तुलाच सुचू शकलं असतं. "बरं आहे ना?" असं विचारायचं नाही, त्याने माणूस चिडतं. विरजण मागायचं. "दूध तापवलंय, थोडं विरजण मिळेल का?" म्हणजे येणारा मदत करायला आलेला नसतो, मागायला आलेला असतो. आतली म्हातारी देणारी होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "अक्का, हा काय पोरखेळ?" पण महिन्याभरात कुप्पम्मा पाटी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायला लागली, की या गावाचं सगळं दूध माझ्याच दह्यावर लागतं का? आणि वाटीभर दही बाजूला काढून ठेवायलाही लागली. तू मला कोपराने ढोसलंस.

तरी माझा एक वाद राहिलाच. मी म्हणत होते, खुणेवर भागणार नाही. गळ्यात एक कळ अडकवू, पडलं-झडलं तर दाबता येईल. वरच्या लोकांनाही तेच हवं होतं, अजूनही हवंय. तू म्हणायचीस, "गाईच्या गळ्यांत घंटा." मी म्हणायचे, "घंटेमुळे गाय सापडते तरी." तू म्हणायचीस, "अगे, जी पडली ती कळ दाबण्यासारखी असती तर पडली असती कां?" मी म्हणायचे, "आणि जी पडली तिची रांगोळी आधीच काढून झालेली असली तर?" तू म्हणायचीस, "मग उद्यां कळेल." मी म्हणायचे, "उद्या!" असं हे चालायचं. चहा गार व्हायचा.

आणि वासलमध्ये स्वतःचं नाव घालायचं म्हटलं की तू ऐकायचीच नाहीस. या गल्लीत एकटी राहणारी, केस पांढरे, गुडघे गेलेले. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मी म्हणायला लागले की तू कानावर हात ठेवायचीस. "म्हातारी होईन तेव्हां सांगतें." सेल्वी मात्र न सांगताच तुझं दार बघायची. माझी तेवढ्याने समजूत पटली होती.

सणाच्या आधीचा दिवस. पोंगल म्हणजे आपली संक्रांत, ऑफिस बंद होणार होतं. तू काखेत एक गुंडाळी घेऊन आलीस आणि टेबलावर पसरलीस. लाल-पांढरं कमळ, मागे चिकट. "मार्गळी महिना सरत आला, सारी गल्ली रांगोळ्यांनी भरली आहे, अन् मज वांकतां येत नाहीं. मी काय खिडकींतून पाहत बसूं? ही घेतली फुलबाजाराजवळ. एकदां चिकटविली की वर्षभर." मी म्हटलं, "ही तर फसवणूक आहे, अक्का." तू म्हणालीस, "देवास चालते." आणि आपण दोघी हसलो. दोन शहाण्या! वासल जिच्या डोक्यातून आली ती आणि जिने प्रत्येक ओळीवर हुज्जत घातली ती, दोघी त्या कमळावर चहाचे कप ठेवून हसलो. आपल्या दोघींच्याही डोक्यात एका क्षणापुरतंही काही आलं नाही.

मी तुला तिळगूळ द्यायला काढला. तू माझा हात मागे ढकललास. "नंतर दे. घेतला तर गोड बोलावें लागेल, अन् माझें भांडण उरलें आहे. पोंगल होऊं दे, मग भांडूं." पुडी अजून माझ्या पर्समध्ये आहे. तीळ खवट झाले असतील एव्हाना.

दर पोंगलला तू तंजावरला जातेस. म्हणून मी धरून चालले की तू तंजावरला. तुझा फोन उचलला गेला नाही, तर म्हटलं पोराबाळांत रमली असेल. ऑफिस उघडलं, तुझी खुर्ची रिकामी, तरी म्हटलं, राहिली असेल दोन दिवस जास्त. मग गायत्रीचा फोन आला. छान, हसऱ्या आवाजात. "मावशीला द्या ना जरा, तिचा लागत नाही. यंदा गुडघे दुखतायत म्हणून येणार नाही म्हणाली होती, तुमच्याकडेच आहे ना?"

मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. रिक्षात बसले एवढं आठवतं. सगळ्या वाटेवर पुटपुटत होते, काही नसेल, काही नसेल. गल्लीच्या तोंडाशी उतरले, धावत वळले, आणि तुझ्या दारात रांगोळी दिसली. अक्का, माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. मी थांबले, श्वास घेतला, केस सारखे केले. तुला काय काय बोलायचं ते मनात जुळवायला लागले. सावकाश चालत आले दारापर्यंत. टकटक केली तेव्हा मी हसत होते.

पुढचं तुला ठाऊक आहे. की नाही ठाऊक? तेच तर कळत नाही. मला विचारायचंय आणि विचारवत नाही. डॉक्टर म्हणाले, लगेच गेल्या असतील. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बहुतेक. त्या बहुतेकने माझी झोप नेलीय. तू जमिनीवर होतीस आणि बाहेर सेल्वीची हाक ऐकू येत होती का? मोगरा, जाई, म्हणत ती दारावरून गेली, तेव्हा तू वाट पाहिलीस का की आता ती थांबेल आणि विरजण मागेल?

सेल्वी पायरीवर बसून रडत होती. "कोलम इरुंदुच्चे," एवढंच म्हणत होती पुन्हा पुन्हा. कोलम होतं की! रोज बघत होते, रोज होतं की! तिचा काय दोष? तिला जे बघायला सांगितलं, तेच ती बघत होती. समोर कुप्पम्मा पाटी दारात बसली होती. ती रडली नाही, बोललीही नाही. त्या दिवसापासून कुणाशीच बोलत नाही म्हणतात.

तेव्हापासून माझं काय चाललंय ते सांगते, हसू नकोस. रोज सकाळी मी अड्यारहून इथे येते आणि वासलच्या गल्ल्यांतून फिरते. प्रत्येक दारापुढे वाकते आणि कोलमला बोट लावून बघते. पीठ लागलं तर पुढे जाते. बायका बघतात, कुणी रागावतात, कोलम बिघडवलं म्हणून. एका पोरीने आईला विचारलं, या बाईला काय झालंय. मला काय झालंय ते मलाच धड कळत नाही. बोटाला पीठ लागलं की बरं वाटतं, पुढचं दार आलं की पुन्हा धडधडतं. आणि तशी दारं निघाली, अक्का. तुझ्यासारखीच. कमळं, मोर, हंस, सणासाठी हौसेने आणलेली, वाकवत नाही म्हणून चिकटवलेली. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनीच ती आणलीत. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं नेमके तेच! हे आपल्याला सुचायला तुला मरावं लागलं.

आता सोमवार. वरच्या लोकांसमोर वासल मांडायची आहे, इतर भागांत न्यायची की नाही ते ठरणार आहे. बोलणार होतीस तू. आता मी बोलायचं. खरं सांगितलं, की ही खूण जिने शोधली तिच्याच दारात फसली, तर ते वासल बंद करतील आणि सगळ्यांच्या गळ्यात कळा अडकवतील. मग सेल्वी थांबायची नाही, विरजण कुणी मागायचं नाही, आणि पाटीची कळ जाईल कपाटात, साडीत गुंडाळून. आणि नाही सांगितलं, तर मोर आणि हंस जिथे चिकटलेत त्या दारांआड पुढे कोण पडून राहील? तेही मलाच ठाऊक असेल. वर गायत्रीने हात जोडलेत. "मावशी कशी सापडली ते कुणाला सांगू नका, आमच्यात फार वाईट दिसतं." मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, तिला कळलं नाही. मलाही नाही.

आणखी एक सांगते, तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नव्हते. रात्री घरी गेले की मी माझ्या दाराकडे बघते. तिसरा मजला, बंद जिना, दारापुढे पायपुसणं. माझं काय बघून कुणाला काही कळेल? वर्तमानपत्र मी बंद केलंय, दूध आठवड्याचं एकदम आणते. ऑफिसला सुट्टी लागली की कुणाच्या लेखी मी नाहीच. तुझ्यासाठी रडतेय की माझ्यासाठी, ते मला हल्ली वेगळं करता येत नाही.

दिव्यात तेल घालते.

सकाळ झाली. रात्र कशीबशी काढली, त्याबद्दल बोलत नाही.

रात्रभर तेल मुरलं असावं. उजाडताना सहज कड उचलली तर कमळ सबंध निघून आलं, सालासारखं. खाली फरशी उघडी. मी पाणी टाकून पुसली. रांगोळी काढायची नव्हतीच, आणि मला तुझ्यासारखी काढता कुठे येते? कमळ गुंडाळून ठेवलं, दार लावून घेतलं, दिव्यापाशी बसले. बाहेर दारं उघडायला लागली. पाणी शिंपडल्याचे आवाज. सेल्वीची हाक आली, तुझ्या दाराशी जरा अडखळली आणि पुढे गेली. इथे आता कोण आहे, असंच तिला वाटलं असणार.

मग काठीचा आवाज आला. टक, टक, गल्ली ओलांडून. आणि दारावर थाप.

माझी पाचावर धारण बसली. ओ देता येईना.

"उळ्ळे यारु?" आत कोण आहे? मग थोडं थांबून, रोजच्यासारख्या खडसावणीच्या आवाजात, "कोंजम उरै मोर किडैक्कुमा?"

थोडं विरजण मिळेल का?

मी दार उघडलं. कुप्पम्मा पाटी होती. काठी एका हातात, दुसऱ्या हातात वाटी. जन्मात कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नसेल तिने. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "पाटी, सुतकाचं घर आहे. इथून दही कसं नेणार?"

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "दारात कोलम नव्हतं. काल संध्याकाळी तू आत गेलीस, बाहेर आलेली मी पाहिली नाही."

म्हणजे म्हातारीला सगळं ठाऊक होतं, अक्का! पहिल्या दिवसापासून. विरजण कशासाठी मागतात ते. तरी ओरडत होती, तरी वाटी काढून ठेवत होती. आपण तिच्यासाठी ही सोय केली, असं आपण समजत होतो. तिने ती कधीच आपलीशी करून घेतली होती, कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मी उंबऱ्यातच बसले आणि मोठ्याने रडले. तू गेल्यावर पहिल्यांदा. ती काठीवर वजन टाकून उभी राहिली. माझं आटोपल्यावर म्हणाली, "त्या दिवशी मी आले नाही. ते लाल कमळ दिसत होतं ना." आणि त्या प्लास्टिकला तिने अशी एक शिवी हासडली की मी ती दिव्यापाशी उच्चारू शकत नाही. तुला फार आवडली असती.

मी सोमवारी सांगणार आहे. कमळाची गुंडाळी घेऊन जाईन, टेबलावर पसरेन आणि सांगेन, हे माझ्या मैत्रिणीच्या दारात होतं, आणि काय झालं ते. मग पाटीचं सांगेन. चिकटवलेली रांगोळी म्हणजे रांगोळी नाही, हे आधी. आणि ज्यांना वाकवत नाही त्यांची खूण दुसरी, ती त्यांनी आपली आपण ठरवायची, आपण नाही. आणि प्रत्येक दाराला समोरचं एक दार, मागणारं. कळ हवी त्याने खुशाल घालावी, त्यावर मी तुझ्याशी अजूनही भांडणार आहे. ते वासल बंद करतीलही. करू देत, पण तुझं दार लपवून मी ती चालू ठेवणार नाही. गायत्री परत आली की तिला हे तोंडावर सांगेन. रडेल बिचारी. मग समजेल, तुझीच भाची आहे.

जाताना पाटी वळली. "उद्या इथे कोण असणार?"

"भाची येईल आज," मी म्हटलं.

"आणि तू कुठे राहतेस?"

"अड्यारला."

"तिथे तुझ्याकडे विरजण कोण मागतं?"

ती थांबली नाही, काठी टेकत गेली आपल्या दाराकडे. तिच्या पायरीवर चार ठिपके आणि एक वाकडी रेघ होती.

अक्का, तुझी एक छोटी वाटी मी घेऊन जातेय, ती कडेला चेपलेली. गायत्रीला सांगेन. माझ्या समोरच्या घरात कोण राहतं, मला नावही ठाऊक नाही. एक बाई असते, कुकरची शिट्टी ऐकू येते, एवढंच. घरी पोचले की आधी दूध तापवणार आहे. मग ही वाटी घेऊन समोरची बेल वाजवणार आहे. काय म्हणायचं ते तू शिकवून गेलीयस.